नकाशा कच्चा असताना

आई, परवा विट्याहून येताना येरळेवरच्या आपल्या पुलावर गाडी थांबवली. आपला म्हणते, पण तो बांधला दुसऱ्याच ठेकेदाराने. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. आबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. कोयनेकडच्या रस्त्याचं काम हाती आलं तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, की आखणी अशीच ठेवली तर माणसांना दरडीखाली उभं राहून खणावं लागेल. नकाशा मंजूर झालाय, आता बदल नाही, असं उत्तर मिळालं. त्याच दरडीखाली ते गेले आणि ठेकेदारी तू अंगावर घेतलीस.

मग एका दुपारी ते तरुण इंजिनिअर साहेब घरी येतात. तू भाकरी थापते आहेस. पुलाचा नकाशा अजून कच्चा आहे, पक्का व्हायच्या आत बांधणाऱ्या माणसाशी बोलायचंय, असं ते म्हणतात. हेही स्पष्ट सांगतात, की ज्याचा सल्ला घेतला त्याला टेंडर भरता येणार नाही. लोक म्हणतील, आतून ठरलंय. काका दारातून तुला नको नको म्हणून खुणावतात. आपल्याकडे दुसरं काम नाही. तू तव्यावरची भाकरी उतरवतेस, हात धुतेस आणि नकाशापाशी येऊन बसतेस.

"मधला खांब डोहात धरलाय," तू म्हणालीस. "अवचित पानी आलं तर पायाच्या खड्ड्यातली मानसं वर कुटनं येतील?"

पूल नदीच्या वरच्या अंगाला घ्या, असं तू सुचवलंस. तिथं खडक खोल आहे, म्हणून साहेबांनी बराच वाद घातला. तुम्ही दोघं नदीवर जाऊन आलात. शेवटी नकाशात पूल वरच्या अंगाला सरकला, आणि टेंडर दुसऱ्याला गेलं. आपला काँक्रीटचा मिक्सर विकला, माझं सांगलीचं कॉलेज सुटलं. का बोललीस, असं मी रागानं विचारलं तेव्हा तू चुलीवरून नजर न काढता म्हणालीस, "तुज्या आबास्नी आदी कुनी इचारलंच न्हाई. मला इचारलं. मग गप कशी बसू?"

काम चालू असताना एकदा अवेळी पूर आला. खड्ड्यातली सगळी माणसं चढून वर आली. काकांनी ते सांगितलं, तेव्हा तू नुसतं बरं झालं म्हणालीस.

आता तू नाहीस, हे पत्र मी कुठे टाकणार? पण तुला खोटं सांगवत नाही. परवा पुलावर ती माणसं आठवली, तरी त्या दुपारी तू गप्प बसली असतीस तर मी शिकले असते, हे मनात आलंच. अजून येतं.