अप्पांच्या समासातले आकडे

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार, आणि लगेच भांडण.

मी मजेत आहे. गोदामातली नोकरी सांभाळून संगणकाच्या वर्गाला जाते. काल पायथन या संगणकाच्या भाषेत फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहायचं होतं: रक्तदाबाचा आकडा दिला, की अट तपासून ते ‘ठीक’ किंवा ‘डॉक्टरकडे जा’ सांगणार. सरावाला आकडे हवेत म्हणून तुमचं पत्र काढलं. जन्मभर पाण्याचे मीटर वाचलेत, त्यामुळे रोजचा रक्तदाबसुद्धा पत्राच्या समासात लिहायची तुमची सवय!

आठवड्याच्या सातही आकड्यांना ‘डॉक्टरकडे जा’ आलं. मला वाटलं, माझंच ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह उलटं पडलं. बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, “अट बरोबर आहे गं. आकडे कुणाचे?”

मी तुमचं पत्र त्यांच्यापुढे धरलं. दर पत्रात हे आकडे डोळ्यांसमोर होते, अप्पा, आणि मी वाचत राहिले ती शेवटची ओळ: ‘प्रकृती उत्तम.’

गोळ्या बंद केल्यात का? काल फोनवर हेच विचारलं, तर “आवाज येत नाही” म्हणून ठेवून दिलात. म्हणून हे पाकीट आईच्या नावाने टाकतेय.

आई, हे त्यांना घरी वाचून दाखवू नकोस. आधी दवाखान्याच्या बाकावर बसव, मग वाच.

तुमची हादरलेली,
ठमी