वगळायचे ठसे

२ तारीख, सोमवार

घोडं एकदाचं गंगेत न्हालं. नोकरी लागली आणि नोकरीबरोबर राहायला घरही मिळालं. ठकीचे बाबा गेल्यापासून तीन वर्षं आम्ही मायलेकी दादाच्या बाहेरच्या खोलीत गाद्या घालून झोपत होतो. वहिनी कधी काही बोलली नाही, पण तिचं न बोलणंही मला ऐकू यायचं. आज स्वतःच्या दाराला स्वतः कुलूप लावलं.

काम मोठं मजेचं आहे. गुन्ह्यांचे पुरावे तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या आवारात, अगदी मागे, एकमेकांना चिकटून एकाच साच्याची दोन बैठी घरं आहेत. एकात आम्ही, दुसरं सरावघर. दर गुरुवारी सकाळी तिथे मी खोटा गुन्हा मांडायचा आणि कॉलेजच्या मुलांनी तो शोधायचा. दोरी लावून जागा अडवायची, फोटो काढायचे, मापं घेऊन नकाशा करायचा, ठसे उचलायचे, मग समोरच्या इमारतीत जाऊन त्यांचं पुढे काय होतं ते पाहायचं. शाळेत बारा वर्षं विज्ञान शिकवलं, पण साखरेच्या पाकात लाल रंग घोटून रक्त बनवायची वेळ आली नव्हती.

ठसे विभागाच्या ताईंनी माझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले. इथे काम करणाऱ्या सगळ्यांचे घेतात. त्याला वगळायची यादी म्हणतात. जागेवर आपल्याच माणसाचा ठसा सापडला तर तो यादीवरून ओळखायचा आणि बाजूला टाकायचा, नाहीतर शोधणाराच चोर ठरायचा. ठकीलाही बोटं काळी करून हवी होती. लहान मुलांचे घेत नाहीत म्हटल्यावर बाईसाहेबांनी तिथेच भोकाड पसरलं.

माझ्या आधी इथे अकरा वर्षं एक मास्तर होते. याच घरात राहायचे. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी गेले ते गेलेच, राजीनामा मागून टपालाने आला. त्यांचं नाव अजून सगळे अदबीने घेतात.

आतल्या खोलीच्या चौकटीवर ठकीची उंची आखली. एकशे अठरा सेंटिमीटर. नवं घर, नवी रेघ.

५ तारीख, गुरुवार

पहिली तुकडी पार पडली. एकवीस मुलं, सगळी मॅडम मॅडम करत मागे.

माझी पद्धत अशी. पहाटे सहाला, ठकी अंथरुणात लोळत असते तेव्हा, शेजारी जायचं. सगळं सरावघर स्पिरिटने पुसून काढायचं, म्हणजे जुन्याचा नव्याशी घोळ नको. मग वस्तू मांडायच्या, त्यांची यादी करून पाकिटात बंद करायची, आणि साडेसातला घरी येऊन ठकीची वेणी घालायची. शेवटी मुलांची यादी आणि माझी यादी ताडून पाहायची.

आज मी चौदा वस्तू मांडल्या. मुलांना पंधरा सापडल्या.

पंधरावी म्हणजे मागच्या खिडकीच्या कडीवर, आतून, एक अंगठ्याचा ठसा. उजवा अंगठा, मधोमध तिरका व्रण. ताईंनी भिंग लावलं आणि लगेच म्हणाल्या, हा तर आपल्या मास्तरांचा, यादीतला आहे, टाका बाजूला. ती कडी मी सकाळीच पुसली होती, असं मी म्हणाले. राहिला असेल एखादा, म्हणाल्या. मी चार दिवसांची नवी, त्यांची उभी हयात यात गेलेली. ठसा बाजूला टाकला.

१२ तारीख, गुरुवार

मी चौदा मांडल्या. सापडल्या सतरा.

तुकडीत एक जाड वेणीची मुलगी आहे, भारी चौकस. ती म्हणाली, आज इथे खरंच कुणी राहतंय असं वाटतं. वाटणारच. मोडक्या पायाला चिंधी बांधलेली खुर्ची तशीच, जशी माझ्या घरी आहे. माझ्या घरात जिथे लटकतं त्याच जागी एक कॅलेंडर. आणि निळ्या ठिपक्यांचा कप. घरी येऊन फळी पाहिली तर सहातले पाचच. कप माझाच.

तिन्हींवर तोच व्रणाचा अंगठा.

मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब हसले. मास्तर अकरा वर्षं त्या घरात राहिले, त्यांचे ठसे तुमच्या उशाखालीसुद्धा सापडतील, म्हणाले. पण तो कप दादाकडून आणलेला, मास्तरांनी तो कधी पाहिलाही नाही, असं मी सांगितलं. त्यावर ते हसायचे थांबले आणि विचारलं, काम झेपत नाहीये का? मला दादाच्या घरातली ती गादी आठवली. झेपतंय, मी म्हणाले. लाज वाटली स्वतःची, पण म्हणाले.

१३ तारीख, शुक्रवार

सरावघराच्या कपाटात मास्तरांची वही सापडली. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक गुरुवारचा धडा, मुलं कुठे चुकली, कुठे घाई केली. शेवटच्या काही पानांवर चिडचिड आहे. मुलं हसतात, रक्ताचा वास घेऊन साखर साखर म्हणतात. आणि अगदी शेवटी एकच ओळ: मुलांना एकदा तरी खरं पाहायला मिळालं पाहिजे.

फाटकावरच्या पहारेकरी काकांना सहज विचारलं. ते म्हणाले, मास्तर जाताना मी पाहिलेच नाहीत. चष्मासुद्धा घरातल्या खुंटीवरच राहिला होता. पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर खुंटीही रिकामी.

सरावघराचं कुलूप बदललं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात.

१९ तारीख, गुरुवार

जमेल तसं लिहिते.

आज आतल्या खोलीत मी काहीच मांडलं नव्हतं. मुलांनी दार उघडलं तर जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने आखलेली आकृती. पडलेल्या माणसाची आखतात तशी. छोटी.

वेणीवालीने टेप लावला आणि बाकीच्यांना लिहून घ्यायला मोठ्याने सांगितलं. डोक्यापासून टाचेपर्यंत एकशे अठरा.

मग तिने हळूच येऊन विचारलं, मॅडम, लहान मूल दाखवायचंय का? मी हो म्हणाले. एकवीस मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती, दुसरं काय म्हणणार होते.

तशीच शाळेत पळाले. ठकी वर्गात होती, पेन्सिलीला टोक करत. घंटा होईपर्यंत वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून राहिले.

२० तारीख, शुक्रवार

ठकीला शाळेत सोडून आले आणि मुलांना शिकवते तशी काळी पावडर घेऊन स्वतःचं घर तपासलं.

न्हाणीवर पोटमाळ्याची झडप आहे. तिच्या कडेला तोच अंगठा, एक नाही, वीस-पंचवीस. वर बॅटरी मारली. माळा दोन्ही घरांवर सलग आहे, मधे भिंतच नाही. एका कोपऱ्यात अंथरूण. चष्म्याचं घर. वर चढायचं धैर्य झालं नाही.

आणि ठकीच्या उंचीच्या रेघेवर, बरोबर रेघेवर, तोच अंगठा.

ताईंकडे नेला. बघताक्षणी म्हणाल्या, अहो, हा यादीतलाच की. ताजा आहे म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच काही चुकलं. साहेब म्हणाले, सोमवारी सुतार पाठवतो, तोपर्यंत पोलिसात जाऊन संस्थेचं हसं करू नका. तरी गेले. पोलिसांनी प्रयोगशाळेत फोन लावला. प्रयोगशाळेने सांगितलं, आमचाच माणूस आहे, वगळा. पालथ्या घड्यावर पाणी.

नोकरी गेली खड्ड्यात. दादाला फोन केला, तो उद्या अकराला गाडी घेऊन येतो. वहिनीची गादी गोड मानून घेईन.

ठकीला आणून मग झडपेला आठ खिळे ठोकले. आज दोघी बाहेरच्या खोलीतच, दार लावून, एका पांघरुणात.

२१ तारीख, शनिवार, सकाळ

आठही खिळे जागेवर. पिशव्या दाराशी. ठकीचा हात हातात धरून ताईंकडे गेले. जाण्याआधी यादीतून माझे ठसे काढा म्हटलं.

त्यांनी शेवटचं पान उघडलं. माझ्या पानानंतरचं. त्यावर आणखी दहा ठसे. चिमुकले. एकही फिसकटलेला नाही. शिकल्या हाताने घेतलेले. नावाच्या रकान्यात मोत्यासारखं अक्षर: घरचीच.

ताई म्हणाल्या, तुम्हीच नाही का आणून लावलं हे पान?

ठकीला विचारलं. म्हणाली, आजोबांनी घेतले. कोण आजोबा? वरून येतात ते. तू पहाटे शेजारी जातेस तेव्हा. खऱ्या तपासात आईलाही सांगायचं नसतं, म्हणाले.

वगळायच्या यादीत माझी मुलगी. म्हणजे ती कुठेही सापडली तरी— तिचा ठसा कुठेही मिळाला तरी— आपलीच आहे, टाका बाजूला—

साडेदहा

ताईंनी आज लवकर जायची परवानगी घेतलेली, कुलूप लावून गेल्या. साहेब रजेवर. फाटकावर काका नाहीत. दादाचा फोन, वीस मिनिटं उशीर होतोय. उघड्यावर उभं राहण्यापेक्षा खिळे ठोकलेलं घर बरं म्हणून आत आले. कडी लावली. लिहितेय, म्हणजे डोकं ताळ्यावर राहतं. ठकी आतून बाहुली आणायला गेली आहे. इथून तिची वेणी दिसते.

पावणेअकरा

खिळे पुन्हा पाहिले. आठ. पक्के.

पण ते काल दुपारी ठोकले. त्याआधी मी ठकीला आणायला शाळेत— घर अर्धा तास रिकामं— तेव्हा तो वरच होता हे कशावरून—

आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट मी उघडलंच नाही. काल नाही. आजही नाही.

वेणी दिसत नाही.

ठकी कुणाशी तरी बोलतेय. हसतेय. सांगतेय, आजोबा, ते माप जुनं झालं, मी आता एकशे एकोणीस—