मोडक्या पायरीचं कोडं

प्रिय दादा,

तुला हसू येईल, पण हल्ली लोकांना कोडी घालणं हेच माझं काम झालंय. कंपनीत प्रोग्रॅमर घ्यायचा असला की उमेदवाराला माझ्यासमोर फळ्यापाशी उभं करतात. मी कोडं सांगते, तो घड्याळाकडे चोरून बघत सोडवतो. कमीत कमी फेऱ्यांत टपाल कसं वाटाल, विस्कटलेले आकडे झटपट ओळीत कसे लावाल, असलं काहीबाही. पुढे नोकरीत यातलं काही करावं लागत नाही. तिथे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅममधला बिघाड शोधण्यात दिवस जातात. तुला का हे सांगायला हवं? हॉस्पिटलच्या रुग्णवाहिका भलत्याच पत्त्यांवर जायला लागल्या, तेव्हा तहानभूक विसरून तूच त्यांच्या प्रोग्रॅममधला घोळ निस्तरला होतास. पण फळ्यापुढे उभं केलं, मागून कुणी बघायला लागलं, की तुझ्या हातातला खडू जागच्या जागी थांबायचा. एकीमागून एक कंपन्यांनी तुला परत पाठवलं आणि शेवटच्या मुलाखतीहून तू घरी आलाच नाहीस. नदीकाठी सापडलेला कोट पोलिसांनी आईपुढे ठेवला. तिने त्याच्या बाहीवरून हात फिरवला, आपणच घातलेला टाका चाचपला आणि म्हणाली, "हा माझ्या मुलाचा नाही." बाबांनी मान खाली घातली. त्यानंतर घरात तुझा विषय कुणी काढला नाही.

मग मध्यंतरी एक उमेदवार आला. कोडं ऐकून त्याने नाकातून हलकासा हुंकार दिला आणि म्हणाला, "थांबा, आधी जरा चुकून बघू." मला गणित शिकवताना तू असंच म्हणायचास. योगायोग असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या खेपेला एक मुलगी आली. तोच हुंकार, तेच वाक्य. तिच्यानंतर एक पोक्त गृहस्थ आले, दोन मुलांचे बाप. तेही तसेच अडखळले, त्याच ठिकाणी चुकले आणि तुझ्यासारखंच "अरेच्चा, घसरली की गाडी!" म्हणून हसले. ही माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. त्यांतल्या काहींना आम्ही नोकरीवर घेतलं. खराखुरा बिघाड समोर आला की ती हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसतात, कुणी कानात सांगेल म्हणून थांबल्यासारखी.

न राहवून मी त्या मुलीला विचारलं, हे बोलणं शिकलीस कुठे? ती आधी घाबरली, मग म्हणाली, "मॅडम, फोनवर क्लास असतो. सर कधी दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. आम्ही त्यांचं बोलणं जसंच्या तसं पाठ करतो. आणि तुम्ही जे विचारता ते परत जाऊन त्यांना सांगतो." मी मनाला समजावलं, जुनं ध्वनिमुद्रण असेल. माणूस गेला तरी आवाज मागे राहतो.

तरीही मी एक कोडं घातलं. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या, तर वर किती प्रकारे पोचाल? कोडं सगळ्यांना तोंडपाठ असलेलं. मी फक्त जिना आपल्या माळ्याचा केला, वर बसलेल्या लंगड्या मांजरीसकट. काही दिवसांनी दुसरा उमेदवार आला. त्याने घडाघडा उत्तर मांडलं आणि वर म्हणाला, "खालून तिसरीवर मात्र पाय द्यायचा नाही, ती तडकलेली आहे." मी म्हटलं, कोड्यात असं कुठे आहे? तो गोंधळला. "सरांनी असंच सांगितलंय."

ती फळी तुझ्या उडीने तडकली होती. आपण तिला खालून पट्टी मारली होती आणि हे आपल्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्या मुलाला बाहेर बसवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

तेव्हापासून मी घरचीच कोडी घालते. एक बाई सगळ्या खोल्यांतले दिवे चालू ठेवून वाट बघते, कमीत कमी बटणांत ते कसे मालवाल? उत्तर आलं, एका परक्या मुलाच्या तोंडून, पाठांतराच्या सपाट सुरात, "तिला म्हणावं, आता झोपत जा." मी आईला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

आता हे पत्र लिहिण्याचं खरं कारण सांगते. मुलाखतीतली कोडी बंद करा म्हणून मी कंपनीत हे सगळं सुरू होण्याआधीपासूनच भांडत होते. उमेदवाराला एक बिघडलेला प्रोग्रॅम द्या, स्वतंत्र खोली द्या, मागे कुणी उभं राहू नका, मग बघा कोण कामाचा ते. आमच्या मोठ्या बाईंनी अखेर होकार दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तेवढी हात मांडीवर ठेवून बसले. कोडं गेलं की तुझं उत्तर कुठून येणार? म्हणून आजच्या शेवटच्या मुलाखतीला आलेल्या मुलीच्या हाती हे पत्र देते आहे. तुझा पत्ता तिलाही माहीत नाही. क्लास सुरू झाला की ती हे मोठ्याने वाचून दाखवणार आहे. म्हणजे आत्ता तू हे तिच्या आवाजात ऐकतो आहेस. ती थांबली की काहीतरी बोल, दादा. पाठ करण्यासारखं नको. मला घरात ज्या नावाने हाक मारायचास ते नुसतं घे. ती येऊन मला सांगेल.

तुझीच,
धाकटी