रेषेपलीकडचं दार

११ ऑक्टोबर, रविवार

बाटली अजून ओट्यावरच आहे. भरलेली. मैत्री म्हणाली, "आई, रिकामी करू?" लेकीच्या अंगावर ओरडले मी.

काल शॉमबर्गच्या विहारात ह्यांचं पुण्यानुमोदन झालं. सगळे म्हणत होते, देवानंदकाका समाजासाठी झिजले. मला एकच दिसत होतं — हे फुटपाथवर पडलेले, आणि बाटली घरी.

१४ ऑक्टोबर

ह्यांचं शेवटचं वेड म्हणजे यंदाच्या इथल्या मतपत्रिकेवरचा तो प्रश्न, ज्यावर लोकांनीच हो-नाही मत द्यायचंय. मतदारसंघाच्या रेषा निवडून येणाऱ्यांनीच का आखायच्या? स्वतंत्र आयोग आखू दे! आमचा रस्ताच मधोमध चिरलाय — अलीकडे एक मतदारसंघ, पलीकडे दुसरा. "तिकडे भारतात आपली वस्ती गावाबाहेर कुणी ठेवली, कमला? रेषा ज्याच्या हातात, त्यानं." असं म्हणायचे आणि निघायचे दारोदार.

पलीकडे जाऊ नका म्हटलं होतं. ते लोक दार उघडत नाहीत. ऐकतील तर शपथ.

१७ ऑक्टोबर

दुपारी डोळा लागला की ह्यांचा कोरडा खोकला ऐकू येतो. उठून बसते. कुणी नसतं.

परक्याच्या दारात हे पाणी मागत नसत. कधीच नाही. लहानपणी गावात वरच्या जातीचे लोक ह्यांना ओंजळ पुढे करायला लावायचे आणि वरून ओतायचे. तेव्हापासून ऑफिस असो, कुणाची पार्टी असो, स्वतःची बाटली बरोबर. मी चिडायचे, "अहो, अमेरिकेत आहोत आपण!" "असू दे."

नेमकी त्याच दिवशी हे ती घरी विसरले. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक. पण तहानलेले गेले असतील का? हे कुणाला विचारू?

१८ ऑक्टोबर

झोप नाही.

२४ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांची राहिलेली दारं मी करतेय. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण भागतं. अलीकडची झाली. पलीकडचं निळं दार मात्र जमत नाही. त्याच्यासमोरच पडले हे. मैत्री म्हणते, "आई, यू डोन्ट हॅव टू."

हॅव टू, बाई.

१ नोव्हेंबर, रविवार

गेले. दार उघडलं! काठी टेकत आलेली एक गोरी म्हातारी. मी आयोगाचं सुरू केलं तर म्हणाली, ठाऊक आहे, एका गृहस्थांनी नीट समजावलंय, माझं मत पक्कं आहे. ते माझेच, म्हटलं. तिनं माझा हात धरला.

म्हणाली, त्या दिवशी ह्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं होतं. आत बसून, तिच्या ग्लासातून प्यायले.