गावानं घेतलेली सुई

गडचिरोली, ५ मे २०२१

ती. स्व. सोमाजीमामांस,
ज्योत्स्नाचा शि. सा. न.

मी बरी आहे. वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही, पण माझे दोन्ही डोस झालेत, म्हणून आई निदान झोपते तरी. तुमच्याकडे रेंज कुठली, म्हणून औषधं न्यायला आलेल्या गावच्या आशाताईंजवळ हे पत्र देते.

मागच्या वर्षी सरकारनं सांगायच्या आधीच आपल्या गावानं वेशीवर बांबू आडवे टाकले, बाहेरून आलेल्यांना शाळेत ठेवून घरोघरचं जेवण दिलं. हे मी इथल्या सगळ्या सिस्टरना ऐकवलंय. आणि परवा लस घेऊन पथक आलं, तर शाळेत एक माणूस नाही! अर्धं गाव डोंग्यांत बसून तलावाच्या मधोमध, आणि सगळ्यात पुढचा डोंगा म्हणे तुमचा. मामा, सुगंधामामीला दमा आहे. तसे पेशंट मी रोज पाहते. रागावून लिहीत नाही, भिऊन लिहिते.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची ज्योत्स्ना

१२ मे

चि. ज्योत्स्नाले सोमाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

डोंगा माहाच होता, लपवून नाई राह्यलो. पन पोरी, बांबू टाकले ते सभेत बसून, आमच्या मनानं. या बारीले गाडी आली आन् भोंग्यातून म्हने, सुई नाई त राशन नाई. चहा मांडला, तोही घेतला नाई. कोनी काई पुसलं नाई, मंग गाव पान्यात गेलं.

तुह्या मामीले म्या म्हटलं, तू दम्यावाली हायेस, तू जाय. ते म्हनते, गाव घेईन तवा घेईन, एकटीनं वाचून बोलू कोनासंग. शेजारच्या इतवारीनं त सुई घेतली का दोन सालात मानूस मरते, असं उठवलं हाये. मले खरं वाटत नाई, खोटंही म्हनता येत नाई.

रविवारी तलावाच्या पाळीवर सभा घेतो. तू येजो. भोंगा नोको आनू.

वेळेवर जेवत जाय, मामाले इसरू नोको.

सोमाजी

२६ मे

चि. ज्योत्स्नाले अनेक आशीर्वाद.

तू सभेतून गेलीस आन् गाव तीन रोज तुह्यावरच बोलत होतं. हात दुखते, ताप येते, हे तू लपवलं नाई, ते मानसाइले पटलं. पन खरं काम केलं म्हातारी रुखमाबाईच्या सवालानं. दवाखान्यात मेलं त जवळ कोन असते, असं तिनं पुसलं, तवा तू खाली पाहून म्हनलीस, "घरचं कोणीच नसतं, आजी. हात मी धरते." आपल्या मानसाइले मराचं भेव नाई पोरी, एकट्यानं मराचं हाये.

चौथ्या दिवशी ठराव झाला. सोमवारी मासोळीचं जाळं बंद, सारं गाव शाळेत. पथकाले पयले चहा, मंग सुई. तुही मामी सगळ्याइच्या आधी जाऊन बसली. ताप मात्र मले चढला, तिले काईच नाई. दोन रोज झाले, आल्यागेल्याले हेच सांगून राह्यली.

इतवारीचं घर तेवढं आलं नाई. जबरदस्ती कराची नाई, हेही सभेतच ठरलं होतं. पथकाची बाई त्याच्या नावापुढं 'नकार' लिवत होती, त मामीनं तिचा हात धरला. म्हने, "नकार नोको लिवा बाई, उद्या लिवा." बाई हासली, पन तसंच लिवलं.

सुट्टी भेटली का येजो. घर तुहंच हाये, लोभ कमी नोको करू.

सोमाजी

ता. क. इतवारी आत्ताच दारात येऊन गेला. उद्या म्हनजे कोनता वार, असं पुसत होता.