धोंडिरामचे पाय

भांडुप,
ता. १८ मार्च १९७४

चि. श्यामकांत यास,
ताईचा प्रभूमध्ये सलाम.

मिशनच्या सभेसाठी धमतरीला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. इकडे सगळं ठीक. तुझी वनमाला आणि मुलं मजेत आहेत, काल त्यांना बोंबलाचं कालवण देऊन आले. माझा गुडघा तेवढा कुरकुरतोय.

मंडळीचे पंच तुझ्या दहा वर्षांच्या सेवेवर पुस्तक काढतायत. 'बाई, तुम्ही थोरली बहीण, पाळकांच्या आठवणी तुम्ही लिहा,' म्हणून पंचांतले भाऊ कोरे कागद ठेवून गेले. तीनदा बसले. 'आमचे पाळक लहानपणापासूनच प्रार्थनाशील' एवढं लिहिलं आणि मलाच हसू फुटलं. प्रार्थनाशील कसला डोंबलाचा! प्रार्थना सुरू झाली की झोपायचास, आणि मी चिमटे काढायचे.

खरं सांगू का? माझ्या पोटात दुखतं रे. या टेकडीवरच्या वस्तीत साठ साली प्रभूच्या कामाला पहिली कोण चढली? मी. बायकांचा शिवणवर्ग, पोरांची रविवारची शाळा, सगळं मी उभं केलं. चौसष्ट साली तू बायबल शाळेतून कोट घालून आलास आणि पाळक झालास. आयत्या बिळावर नागोबा! अंजनाबाई टीबीनं अंथरुणाला खिळली तेव्हा तीन महिने तिचं अंग मी पुसलं. तू एकदा आलास, दहा मिनिटं प्रार्थना करून गेलास. बाई उठून मंडळीत साक्ष देते काय, तर 'पाळकांच्या प्रार्थनेनं बरी झाले.' माझं नावसुद्धा नाही! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. हे घालू का पुस्तकात?

आपल्या मेनोनाइट पंथाच्या मंडळीत बाई पाळक होत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असलं म्हणून जळायचं थांबतं थोडंच.

बरं, आता धोंडिरामचं बोलते. कधीपासून टाळतेय.

अडुसष्ट साली तुला पाळकपणाची कायमची दीक्षा देण्याआधी मिशनच्या कमिटीनं मंडळीतल्या चौघांकडून, नावं गुप्त ठेवून, तुझ्याबद्दल मत मागवलं होतं. एकानं लिहिलं, 'स्वभाव तापट, अजून कच्चा आहे, थांबावं.' तुझी दीक्षा दोन वर्षं अडली. त्याच सुमारास उपासनेच्या वेळेवरून धोंडिरामचं नि तुझं वाजलं होतं. कारखान्याची रात्रपाळी करून त्याला नऊला पोचता येत नव्हतं, आणि तू वेळ बदलायला तयार नव्हतास. झालं, सगळ्यांनी त्याचंच नाव घेतलं. तूही घेतलंस.

सत्तर साली, प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुवायचे होते तेव्हा, तू मोठ्या मनानं सगळ्यांदेखत धोंडिरामपुढे गुडघे टेकलेस. त्यानं पाय मागे घेतले. 'मी जे केलंच नाही, ते धुवायला आलात?' म्हणाला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्याची बायको शकु आणि पोरंही मग कधी आली नाहीत. कोमट पाण्याचं घमेलं मीच आणून ठेवलं होतं, श्याम. पडद्याच्या अलीकडे बायकांत उभी होते आणि तोंड उघडलं नाही. दर प्रभुभोजनाआधी तू विचारतोस, 'सर्वांशी समेट आहे ना?' तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर असतो.

ते मत मी लिहिलं होतं.

खोटं तर लिहिलं नाही, अशी मनाची समजूत घालत आले. तापट तू आहेसच! पण तुझी दीक्षा बघवत नव्हती, म्हणून लिहिलं.

परवा रेशनच्या दुकानात शकु भेटली. त्यांच्या राधाचं लग्न ठरलंय. धोंडिरामला वाटतं, लग्न तुझ्याच हातून लागावं, पण तो विचारायला येणार नाही. मला राहवलं नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि सांगून टाकलं. शकु कडाडली, 'सहा वर्षं, बाई! बायका मला बघून रस्ता बदलायच्या, आणि तुम्ही बघत होतात!' मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी धोंडिराम एवढंच म्हणाला, 'पाळकांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर परत मीच खोटा ठरायचा.'

म्हणून हे पत्र. गाडीतून उतरलास की आधी त्याच्याकडे जा, घरी मागाहून. लग्नाचं त्याला विचारायला लावू नकोस, तूच विचार.

तू आल्यावर पहिल्या रविवारी मंडळीपुढे उभी राहून मी सगळं कबूल करणार आहे. भाऊंना तसं सांगून ठेवलंय. फक्त एक मागणं आहे. त्या वेळी तू पुढे येऊन, माझा हात धरून, त्या तुझ्या भरल्या गळ्यानं मला क्षमा करू नकोस. सगळ्या बायका डोळे पुसतील, पाळकांचं मन केवढं मोठं म्हणून महिनाभर घरोघर बोलतील, आणि मी मेली तिथे उभ्या उभ्या परत जळेन. क्षमा करायची असेल तर माझ्या खोलीवर ये, एकटा ये, आणि हळू बोल.

तुझी, अजून न सुधारलेली,
मंजुळाताई