चिंगम बापूचं, कार्ड माझं

रविवार, संध्याकाळ, पणदरे

पुण्याच्या प्रदर्शनातनं आत्ताच आलो. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांची एवढी गर्दी, पण दिवसभरात मी बोललो ते एकाच स्टॉलवाल्याशी. त्याच्याकडं आमच्या शाळेच्या वयातली क्रिकेटची कार्डं होती, चिंगमबरोबर मिळायची ती. कडक प्लास्टिकमध्ये बंद, कोपरे अगदी कोरे. आमची तर चड्डीच्या खिशात आठवड्यात मऊ पडायची.

चुलतभाऊ बापू आणि मी, दोघांत एक पाकीट घ्यायचो. चिंगम त्याचं, कार्ड माझं. त्यावरनं कधी भांडण झालं न्हाय. बापू जाऊन आता दोन वर्षं झाली.

निघताना एक न फोडलेलं पाकीट दिसलं. विचारलं, "आत चिंगम हाय का अजून?"

स्टॉलवाला हसला. "आहे, पण आता दगड झालं असेल. आणि फोडू नका साहेब, फोडलं की किंमत गेली."

तरी घेतलं. कशाला घेतलं? समोर टेबलावर पडलंय. मघाशी फोडायला गेलो आणि थांबलो. किमतीचं काय न्हाय. कार्ड मी काढून घेईन, पण चिंगम कुणाच्या हातावर ठेवू?